लिहून देणार

कडुनिंबाची सावली सरकते तसं माझं टेबल सरकतं,
सकाळी झेरॉक्सच्या दारात, दुपारी पार सायकल स्टँडपाशी.
सिव्हिल लाइन्समध्ये, कोर्टाच्या मागच्या फाटकाला,
भाषांतराचे पानाला दीडशे,
शिक्क्याचे वेगळे.

मे महिन्यात नरहरी ठवकर आला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून.
पिशवीत संत्रा बर्फीचा रिकामा डबा, डब्यात कागद.
लीड्सच्या कुण्या वकिलाचं पत्र.
नंदनवनातला प्लॉट, वडिलांच्या माघारी दोन नावांवर,
त्यातलं एक नाव आता निघणार होतं.

त्याने आधी स्वतःच वाचून पाहिलेलं, बोट ठेवून ठेवून.
"हे दे दे काय हाय?
ओळीओळीले दे. काय द्याचं?
अन् किती जन हायेत हे?"

एकच, मी म्हटलं. मंगल ठवकर. एकच माणूस.
तिकडे लिहितात असं, ज्याला हवं त्याच्यासाठी.
सहीखाली वेगळी ओळच आहे: माझ्याबद्दल असंच लिहावं.
"मंगलनंच सांगतलं?"
मंगलनंच.
त्याने दुपट्ट्याच्या टोकानं मान पुसली.
"तसं फोनवर बोललं व्हतं एकदा,"
आणि 'बोललं'वर जरा अडखळला,
अंधारात एक पायरी जास्त धरल्यासारखा.

मग पंचाईत माझी.
इंग्रजीला काय, एक दे टाकला की भागतं,
क्रियापद मुकाट मागून येतं.
आपल्याकडे आला, आली, आलं,
नुसता उंबरा ओलांडायचा
तरी आधी सांगा कोण.
मानानं 'ते' लिहावं, तर मंगलचे होतात सासरेबुवा,
खांद्यावर उपरणं.
'त्या' लिहावं, तर शाळेच्या मुख्याध्यापिका.
एकेरी 'ते', तर पाळण्यातलं बाळ,
नाहीतर मांजर.

थोडं निभावलं.
त्यांनी हक्क सोडला. त्यांनी चिठ्ठी लिहिली.
काही केलं असेल, तर भाषा करणाऱ्याकडे बघत नाही,
केलेल्या वस्तूकडे बघते.
पण जन्मणं, जाणं, राहणं,
ज्यात हाती काहीच लागत नाही,
तिथे माणूस उघडं पडतं.

नरहरी म्हणाला, "भावंड लिवा ना. धाकटं भावंड."
हा शब्द माझ्याकडे होता की. सुचला त्याला.

तरी पहिली ओळ बसेना.
खणात एक जुनं खरेदीखत असतं, नमुन्यासाठी,
कडा पिवळ्या, मधे टाचणीचा गंज.
त्यात बघितलं. लिहून देणार.
लिहून घेणार.
बाई असो, बुवा असो, शेत असो की म्हैस,
आमच्या अर्जनवीसांनी कधी विचारलंच नव्हतं.
देणार. घेणार. खाली अंगठा.
मला हसू आलं.
दे म्हणजे देणारच की.

संध्याकाळी वाचून दाखवलं.
लिहून देणार मंगल ठवकर, वय एक्केचाळीस,
जन्म नागपूर, मेयो इस्पितळ...
"थांबा. चुकलं."
मला वाटलं, आता आलं.

"मेयो नोको. डागा.
मीच डबा घेऊन गेल्तो, सातव्या वर्षी, इतवारीतून पायी.
नर्सबाई व्हरांड्यात उभी. इचारलं, काय झालं?
थे दमली व्हती.
म्हने, चांगलं झालं. जा, घरी सांग."

पत्रात मेयोच होतं. तरी मी खोडलं, वर डागा लिहिलं.
खोडाखोडीजवळ दोघांच्या सह्या लागतात.
एक तिथेच झाली, टेबलावर वाकून, सावकाश.
दुसरी लीड्सहून यायची आहे.